हजेरीपत्रकातल्या पिवळ्या ओळी

२०२४ च्या मार्चची २८ तारीख. ऑफिसात पोचून पिशवी टेबलावर ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. पलीकडे एका पतसंस्थेच्या शाखेतले कॅशियर. "मॅडम, हप्ता घेईना तुमचं सॉफ्टवेअर. लाइन पार पायरीपर्यंत गेलीय." कुणाचाच घेत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "थकलेल्यांचा घेतंय की. वेळेवर आलेल्यांचाच घेईना."

मार्चअखेर म्हणजे पतसंस्थेत काय असतं, हे ज्यानं काउंटरच्या कुठल्याही बाजूला उभं राहून पाहिलंय त्याला सांगायला नको. वसुली, एनपीए, ऑडिट, सगळं ३१ तारखेला टांगलेलं. त्या आठवड्यात आम्ही शक्यतो नवीन काही सोडत नाही. पण एका संस्थेला दंडव्याजाच्या हिशेबात बदल हवा होता आणि तोही मार्चच्या आतच, म्हणून आदल्या रात्री सोडला होता. सोडताना कव्हरेजचा, म्हणजे आमच्या टेस्टनी (कोड तपासणाऱ्या छोट्या कोडनी) किती ओळी चालवून बघितल्या त्याचा, रिपोर्ट मीच उघडून बघितला होता. त्या फाइलला १०० टक्के. एकही लाल, म्हणजे न चाललेली, ओळ नाही.

चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दंडव्याज काढणारं फंक्शन (कोडचा एक तुकडा) जेमतेम पाच ओळींचं. हप्त्याची देय तारीख उलटली असेल तर मधले दिवस मोजून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचे, मग बाकी रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५००. इफ ('असेल तर') होता, एल्स ('नसेल तर') नव्हता. तारीख उलटलीच नसेल तर दिवसांच्या व्हेरिएबलला किंमतच मिळत नव्हती, आणि खालच्या ओळीला ती हवी होती. पायथननं (आमची प्रोग्रॅमिंगची भाषा) 'अनबाउंडलोकलएरर', म्हणजे किंमत न मिळालेलं व्हेरिएबल वापरल्याची चूक, देऊन हात वर केले. माझ्या नऊच्या नऊ टेस्ट थकलेल्या हप्त्यांच्या होत्या. काम दंडव्याजाचं, त्यामुळे डोक्यात थकबाकीदारच बसले होते. त्या नऊ टेस्टनी पाचही ओळी चालवल्या, आणि कव्हरेजनं सगळ्यांपुढे हिरवी खूण केली.

इफच्या वर दिवसांना शून्य दिलं, पॅच पाठवला, साडेअकराला शाखा सुरू झाली. वेळेवर हप्ता भरायला आलेली माणसं तेवढा वेळ उन्हात उभी होती, हे त्या कॅशियरनी नंतर दोनदा ऐकवलं. ऐकून घेतलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमची सांगलीतली नऊ जणांची कंपनी. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर बनवतो: दैनिक ठेव, कर्ज, सोने तारण, पासबुक, सगळं. पायथन आणि जँगो, म्हणजे पायथनमधली वेबसाठीची तयार चौकट. आमच्याकडे कव्हरेज आलं ते काही कळकळीनं आलं नाही. एका कामाच्या अटींमध्ये 'युनिट टेस्ट कव्हरेज किमान ८० टक्के' अशी ओळ होती, आणि तेव्हा आम्ही ४३ वर होतो. सरांनी व्हाइटबोर्डवर ४३ लिहिलं आणि दर सोमवारी तो आकडा पुसून नवा लिहायचा असा नेम केला. आठ महिन्यांत ९१ झाला. शेवटचा आकडा कुणीतरी चुकून पर्मनंट मार्करनं लिहिला, तो निघेना. मग तोच राहिला.

तो ९१ कसा झाला हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. टेस्ट लिहायची, फंक्शन हाकायचं, आणि उत्तर काय आलं ते तपासायचंच नाही. असर्ट (उत्तर अमुकच यायला हवं असं सांगणारी ओळ) नसलेली टेस्ट कधी नापास होत नाही आणि आकडा मात्र वाढवते. आमच्या टेस्टिंग बघणाऱ्या ताई (वयानं सगळ्यांत मोठ्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या) म्हणाल्या होत्या, "अगं, हे हजेरीपत्रक आहे. कोण वर्गात बसलं होतं एवढंच कळतं यातून. कुणाला काय समजलं ते नाही कळत. आणि तुम्ही तर प्रॉक्सी लावताय." तेव्हा हसलो. मार्चनंतर मीच हजेरीपत्रक नीट करायचं काम मागून घेतलं.

पहिला बदल एका शब्दाचा. कव्हरेजच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'ब्रँच' हा पर्याय चालू केला. आम्ही वापरतो ते कव्हरेज.पाय हे कव्हरेज मोजायचं अवजार गॅरेथ रीस यांनी २००१ मध्ये लिहिलं आणि २००४ पासून नेड बॅचेल्डर ते सांभाळतायत. ब्रँच मोजायची सोय त्यात कित्येक वर्षं होती, आम्हीच कधी हात लावला नव्हता. ती चालू केली की अवजार नुसत्या ओळी मोजत नाही, ओळीवरून पुढे फुटणाऱ्या वाटाही मोजतं. इफवरून आत जायची एक वाट आणि इफ ओलांडून खाली जायची दुसरी. दोन्हींपैकी एकच चालली असेल तर ओळ पिवळी होते आणि उजवीकडे बारीक अक्षरात कारण येतं: इथून अमुक ओळीवर उडी पडलीच नाही, कारण अट दर वेळी खरीच ठरली.

दुरुस्तीच्या आधीची फाइल मुद्दाम बाहेर काढली आणि नव्या पर्यायासह चालवली. पाच ओळींपैकी इफची ओळ पिवळी. 'अट दर वेळी खरीच ठरली.' एक शब्द आधी लिहिला असता तर २७ तारखेच्या रात्रीच दिसलं असतं. त्या पिवळ्या पट्टीकडे बघत मी बराच वेळ बसले होते. चहा गार झाला.

ब्रँच चालू केल्यावर एकूण आकडा ९१ वरून ८४ वर आला, कारण आता भागाकारात ओळींबरोबर वाटाही धरल्या जातात. सरांना समजावणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. "एवढं काम केलं आणि खाली कसं आलं?" मी म्हटलं, "सर, खाली आलं नाही, पहिलंच खोटं होतं." हे वाक्य जरा वेगळ्या शब्दांत म्हणायला हवं होतं.

मग पिवळ्या ओळींची यादी काढली. दोनशेच्या वर होत्या. त्यात एक गंमत दिसली. सगळ्यात हिरव्या फाइली कुठल्या, तर जँगोच्या मॉडेल्सच्या (डेटाबेसमधल्या तक्त्यांच्या वर्णनांच्या), आणि त्यांना तर आम्ही टेस्टच लिहिल्या नव्हत्या! कारण सोपं आहे: क्लासची व्याख्या, फील्डच्या ओळी, डेफच्या ओळी या फाइल इम्पोर्ट होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम ती उघडून आत घेतो तेव्हाच, चालतात. नुसता प्रोग्रॅम सुरू झाला तरी त्यांची हजेरी लागते. आमच्या ९१ मधला केवढा तरी भाग हा असा दारातून आत येतानाच लागलेला होता.

दुसरी अडचण वेगाची. टेस्ट नुसत्या चालवल्या तर माझ्या लॅपटॉपवर सहा मिनिटं, कव्हरेजसकट साडेअकरा. त्यामुळे दिवसभर कुणी कव्हरेज लावायचंच नाही. रात्री सर्व्हरवर चालायचं आणि सकाळी कुणी बघितलं तर बघितलं. हे असं का होतं ते मला तोवर धड माहीत नव्हतं. पायथनमध्ये 'सेटट्रेस' नावाची सोय आहे. तिला एक फंक्शन दिलं की प्रत्येक ओळ चालताना पायथन त्या फंक्शनला हाक मारतं. कव्हरेज.पायनं ते फंक्शन सी या वेगवान भाषेत लिहिलंय म्हणून निदान निभतं, पण हाक ती हाकच. एखादी ओळ लूपमध्ये लाखभर वेळा चालली तर लाखभर हाका, आणि पहिल्या हाकेनंतर त्यातून नवीन काहीच कळत नाही. एसटीत एकदा तिकीट फाडल्यावरही कंडक्टर दर थांब्याला तुमच्यापाशी येऊन तिकीट विचारतोय, तसं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं. मार्क शॅनन यांच्या पेप ६६९ या प्रस्तावातून त्यात 'सिस.मॉनिटरिंग' ही नवी सोय आली. हिच्यात अवजार पायथनला उलट सांगू शकतं, की ही जागा कळली, आता इथलं पुन्हा सांगू नकोस. तिकीट एकदा बघितलं की कंडक्टर त्या सीटकडे परत फिरकत नाही. डिसेंबर २०२३ च्या कव्हरेज.पाय ७.४ मध्ये ते प्रायोगिक म्हणून वापरता येऊ लागलं. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) ठेवायचं, 'सिसमॉन' एवढंच.

आम्ही २०२४ च्या जूनमध्ये ३.१२ वर गेलो. त्याला पंधरा दिवस गेले, ते इथे सांगत नाही, सगळ्या अपग्रेडच्या कहाण्या सारख्याच असतात. सिसमॉन लावून पहिल्यांदा चालवलं आणि साडेसहा मिनिटांत संपलं! मी खुर्चीतून उठून सरांना बोलवायला निघाले होते. तेवढ्यात रिपोर्ट बघितला, तर ब्रँच लावायची राहिली होती. लावली, आणि परत जवळजवळ पहिल्याइतकाच वेळ. मग सूचना नीट वाचल्या. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की हा वेग ओळींच्या मोजणीपुरता आहे, ब्रँचसाठी नाही, आणि प्लगइन (वरून जोडायचे भाग) व डायनॅमिक काँटेक्स्ट (कुठली ओळ कुठल्या टेस्टमुळे चालली ती नोंद) अजून यात चालत नाहीत. आम्हाला ब्रँच हवी होती, पावतीच्या आणि पासबुकाच्या टेम्प्लेट (साचे) मोजायला जँगोचं प्लगइन हवं होतं, आणि काँटेक्स्टही हवे होते. म्हणजे नेमकं जे जे नाही ते ते आम्हाला पाहिजे होतं.

अडचण समजण्यासारखी होती. ओळ एकदा चालली की तिचं काम संपतं. इफला दोन वाटा आहेत, त्यातली एक कळली म्हणून इफला गप्प केलं तर दुसरी वाट कळणार कशी? ३.१२ मध्ये ब्रँचची घटना डाव्या-उजव्या वाटेसाठी वेगळी करून मिळत नव्हती. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये ती डावी आणि उजवी अशी वेगळी झाली. आता एक वाट गप्प करून दुसरीवर कान ठेवता येतो, आणि ३.१४ वर जमण्यासारखं असेल तर कव्हरेज.पाय आपणहून सिसमॉन निवडतं. आम्ही मात्र अजून ३.१२ वरच आहोत. पासबुक छापायच्या प्रिंटरशी बोलणारी एक जुनी लायब्ररी (दुसऱ्यांचा तयार कोड) आडवी आलीय.

तोवर तडजोड अशी केली: लॅपटॉपवर दिवसभर ओळींपुरतं झटपट सिसमॉन, आणि कोड जोडायच्या आधी सर्व्हरवर ब्रँचसकट सावकाश. फार देखणी व्यवस्था नाही. पण दिवसा कव्हरेज लावायची सवय लागली, आणि मला वाटतं, सगळ्या बदलांत जास्त फरक त्या सवयीनं पडला.

यानंतरचा बदल माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि त्याला नवीन पायथनही लागत नाही. डिसेंबर २०१९ च्या कव्हरेज.पाय ५.० पासून 'काँटेक्स्ट' ही सोय आहे. कुठली ओळ चालली एवढंच त्यात नोंदवलं जात नाही, कुठल्या टेस्टमुळे चालली तेही नोंदवलं जातं. त्याच आवृत्तीपासून सगळी नोंद एका एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे छोट्या डेटाबेसमध्ये, जाते. एचटीएमएल रिपोर्टमध्ये ओळीच्या उजवीकडे छोटा बाण येतो, तो दाबला की त्या ओळीला हात लावलेल्या टेस्टची नावं उलगडतात.

पहिल्याच दिवशी सोने तारणाच्या लिलावाचा कोड उघडला. चाळीसेक ओळी, सगळ्या हिरव्या. कर्ज थकलं की नोटीस, मग मुदत, मग लिलाव, लिलावातून आलेल्या पैशातून कर्ज आणि खर्च वजा करून उरलेली रक्कम सभासदाला परत. म्हणजे ज्यात चुकलं तर माणूस थेट सहकार खात्यात तक्रार करेल असा कोड. बाण दाबला. एकच टेस्ट. नाव वाचलं: डॅशबोर्ड उघडतो का. ती टेस्ट मुख्य पान उघडायची आणि उत्तर २०० ('पान नीट उघडलं' याचा वेबवरचा आकडा) आलं की खूश व्हायची. पानावर एका कोपऱ्यात 'लिलावातील शिल्लक' असा आकडा दिसायचा, म्हणून तो सगळा कोड चालायचा. आकडा बरोबर आहे की चूक, कुणीच विचारलं नव्हतं. ताईंना बोलावून दाखवलं. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "ही बघ प्रॉक्सी. एका पोरानं चाळीस जणांची लावलीय."

त्या आठवड्यात आम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. त्या एसक्यूलाइट फाइलमधून अशा ओळी काढायच्या ज्यांना एकाच टेस्टनं हात लावलाय, आणि ती टेस्ट कुठल्या भलत्याच विभागातली आहे. यादी आली तेव्हा मोजायचं धाडस झालं नाही. वर्षभर दर शुक्रवारी दुपारी तासभर तेवढंच करत होतो.

आता दाराचा प्रश्न. जुना कोड असा असताना नव्या कोडला शिस्त कशी लावायची? आधी आम्ही एकूण आकड्यावर अट ठेवली होती, ८४ च्या खाली गेला की कोड जोडता येणार नाही. त्यातून भलतंच झालं. एका मुलानं तीनशे ओळींचा मेलेला पण टेस्ट असलेला कोड काढून टाकला, तर आकडा खाली गेला आणि सर्व्हरनं त्याला अडवलं. घर झाडलं म्हणून दंड. उलट दुसऱ्यानं बिनटेस्टच्या वीस ओळी घातल्या तर हजारोंच्या कोडात त्या वीस कुठं दिसणार, तो सुखरूप आत.

म्हणून 'डिफ-कव्हर' आणलं. हे अवजार कव्हरेजचा एक्सएमएल रिपोर्ट आणि गिटमधला, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या अवजारातला, फरक शेजारी ठेवतं आणि फक्त बदललेल्या ओळींचा हिशेब सांगतं. तू आज ज्या ओळींना हात लावलास त्यातल्या किती तपासल्यास, एवढाच प्रश्न. आमची अट ९० टक्के. पूर्वजांचं पाप नव्या माणसाच्या डोक्यावर नाही. पहिल्या दिवशी मात्र ते चाललंच नाही, गिटमधली कोडची मुख्य शाखाच सापडेना म्हणून रडायला लागलं. दोन तासांनी कळलं की आमचा सर्व्हर वेळ वाचवायला गिटचा फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) उतरवून घेतो, मग तुलना करायला मागचं काही नसतंच. पूर्ण इतिहास उतरवायला सांगितला आणि झालं. कुणी लावणार असाल तर आधी हे बघा.

मधेच एक भूत. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी एकूण आकडा ८६ वरून ७९! आदल्या दिवशी कोडची एकही ओळ बदलली नव्हती, फक्त लायब्ररींच्या आवृत्त्या वर नेल्या होत्या. रिपोर्टमध्ये रात्रीच्या व्याज-नोंदणीचा सगळा विभाग लालभडक. टेस्ट मात्र पास होत होत्या. आमचं रात्रीचं व्याज वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालतं आणि टेस्टही ती प्रोसेस तशीच बाहेर सुरू करतात. टेस्ट चालवताना कव्हरेज जोडून देणारं पायटेस्ट-कव्ह आजवर गुपचूप एक छोटी फाइल पायथनच्या घरात ठेवून अशा पोरप्रोसेसची हजेरी लावत होतं. ७.० आवृत्तीत त्यांनी ते काढून टाकलं, कारण कव्हरेज.पायच्या ७.१० मध्ये त्यासाठी नीट सोय आलीय. कॉन्फिगमध्ये पॅचच्या पुढे 'सबप्रोसेस' लिहायचं, बस. एक ओळ. ती सापडेपर्यंत मी आणि आमचा सर्व्हर बघणारा दादा दिवसभर एकमेकांवर संशय घेत होतो. सर तीनदा येऊन गेले. बदल चांगलाच आहे, आधीची ती गुपचूप फाइल कित्येकांना नको तिथे त्रास द्यायची. पण आवृत्तीची टिपणं वाचायचा कंटाळा किती महाग पडतो ते त्या दिवशी कळलं.

'प्रॅग्मा नो कव्हर'ची यादीही तेव्हाच काढली. ही टिप्पणी ओळीशेजारी लिहिली की कव्हरेज ती ओळ मोजत नाही. ६३ ठिकाणी होती. बऱ्याचशा रास्त, एक मात्र अशी की शाखेतून शाखेत रोख पाठवताना मधेच कनेक्शन तुटलं तर काय करायचं, त्या भागावर. लिहिणारी मीच, गिटनं तारखेसकट दाखवलं. विषय बदलते.

मग गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या नव्या मुलानं एका दिवसात व्याजाच्या विभागाचं कव्हरेज ७१ वरून ९७ वर नेलं. ब्रँचसकट. एआयकडून टेस्ट लिहून घेतल्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा स्वच्छ लिहिल्या होत्या. असर्टही होते, प्रॉक्सी म्हणायची सोय नाही. डिफ-कव्हर खूश, सर खूश. ताईंनी सवयीनं दोन टेस्टमधले आकडे कॅल्क्युलेटरवर केले. एका टेस्टमध्ये व्याज १२३६.५० येत होतं आणि अपेक्षित उत्तर लिहिलं होतं १२३६. "पन्नास पैसे असले की वरचा रुपया, हे पाचवीतलं पोरगं सांगेल." त्या मुलानं कोड चालवून दाखवला, खरंच १२३६ येत होतं. पायथनचा राउंड बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे झुकतो, म्हणून १२३६.५० चे १२३६ आणि १२३७.५० चे १२३८. बँकर्स राउंडिंग म्हणतात त्याला, पण आमच्या पतसंस्थांच्या खातेवह्यांत तसं धरत नाहीत. एआयनं काय केलं होतं, तर कोडला विचारलं तुझं उत्तर काय, आणि तेच टेस्टमध्ये 'बरोबर उत्तर' म्हणून लिहिलं होतं. चूक आता टेस्टच्या पहाऱ्यात सुरक्षित बसली होती. कव्हरेज ९७.

ओंटारिओतल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या लॉरा इनोझेम्त्सेवा आणि रीड होम्स यांचा २०१४ मधला एक शोधनिबंध आहे. त्याच्या शीर्षकातच म्हटलंय की कव्हरेज आणि टेस्टची चुका पकडायची ताकद यांचा घट्ट संबंध नाही. मी तो पूर्वी वाचला होता आणि पटलाही होता. पण १२३६ बघितल्यावर जसा पटला तसा तेव्हा पटला नव्हता.

या प्रसंगानंतर व्याजाच्या विभागापुरतं म्युटेशन टेस्टिंग लावलं, 'म्युटमट' वापरून. कल्पना जुनीच आहे, १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी ती मांडली. अवजार आपल्या कोडमध्ये मुद्दाम बारीक चुका करतं, अधिकचं वजा, लहानचं लहान किंवा समान, आणि बघतं की कुठली तरी टेस्ट ओरडते का. कुणीच ओरडलं नाही तर ती चूक 'जगली'. वेळ प्रचंड लागतो, शनिवारी लावून सोमवारी बघायचं. पहिल्या सोमवारी दिसलं की ३६५०० चे ३६५०१ केले तरी माझ्या नऊ टेस्ट आरामात पास. त्यांतल्या आठांमध्ये मी फक्त 'दंडव्याज शून्याहून जास्त आहे' एवढंच तपासलं होतं, आणि नवव्यात रक्कम इतकी छोटी घेतली होती की फरक रुपयात दिसतच नव्हता. त्या टेस्ट माझ्या. एआयच्या नाहीत.

आणि एक जगलेली चूक अशी की तिनं माझा अर्धा तास खाल्ला. देय तारीख आजपेक्षा 'लहान' याचं 'लहान किंवा समान' केलं होतं. मी आजच देय असलेल्या हप्त्याची टेस्ट लिहिली, तरी जगली. आणखी एक लिहिली, तरी जगली. मग कागदावर मांडलं तेव्हा उजेड पडला. तारीख आजचीच असेल तर मधले दिवस शून्य, आणि इफच्या वर आता मी शून्यच ठेवलंय. दोन्हीकडून उत्तर एकच. ती चूक नव्हतीच, कुठल्याही टेस्टनं मेली नसती. हे अवजार फुकट संशयही घेतं, हे ते लावणाऱ्यानं धरून चालावं.

आता व्हाइटबोर्डवर आकडा लिहीत नाहीत. पर्मनंट मार्करचा ९१ फिकट होऊन तिथेच आहे, त्याच्यावरून चहाचा हिशेब लिहितात. सोमवारी आम्ही पिवळ्या आणि लाल ओळींपैकी एक निवडतो आणि ती खरोखर कुठल्या माणसाच्या खात्यावर चालेल ते शोधतो.

या सोमवारची ओळ कलम १०१ ची आहे. सहकार कायद्याखाली वसुलीचा दाखला निघाल्यानंतर कर्जदारानं जप्तीच्या आधीच सगळी रक्कम एकदम भरली तर दाखल्याच्या तारखेपासूनचं व्याज कुठल्या दरानं धरायचं, त्याची एक एल्सची ओळ. ती लाल आहे. चालवून हिरवी करायला पाच मिनिटं लागतील. पण असर्टमध्ये काय लिहायचं ते आमच्यात कुणालाच ठाम सांगता येईना. मी म्हटलं कोडमध्ये आहे तोच दर असेल, तर ताईंनी नुसतं त्या नव्या मुलाकडे बघितलं. शेवटी एका संस्थेच्या वसुली अधिकाऱ्यांना फोन लावला, असं प्रकरण तुमच्याकडे झालंय का, फाइल बघायला मिळेल का म्हणून. झालंय म्हणाले, दोन आहेत. कधी येऊ विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तेवढा मार्च होऊन जाऊ द्या."